पटाची आणेवारी



भाताच्या लोंब्या भरू लागल्या की तलाठी, ग्रामसेवक आणि गावची चार जाणती माणसे शिवारात उतरतात, बांधावरून नजर टाकतात आणि यंदाचे पीक किती ते ठरवतात. कागदावर याला पैसेवारी म्हणतात. पण महाड-पोलादपुराकडची जुनी माणसे अजून आणेवारीच म्हणतात, आणि मीही आज तोच शब्द वापरणार आहे. ही झाली नजरेची आणेवारी. पुढे काही निवडक शेतांत ठरलेल्या मापाचा तुकडा आखायचा, कापायचा, मळायचा, तोलायचा आणि मग आकडा लिहायचा, हा झाला पीक कापणीचा प्रयोग. नजरेने अख्खे शिवार लवकर आटोपते, पण नजर चुकते. कापणी चुकत नाही असे नाही, पण कमी चुकते. मात्र ती थोड्याच शेतांना पुरते.

आज मला बोलायचे आहे ते भाताविषयी नव्हे, बुद्धिबळाविषयी. त्यातही संगणकाने खेळायच्या बुद्धिबळाविषयी. तुम्ही म्हणाल, या दोहोंचा संबंध काय? तर संगणकालाही दर खेळीला पटाची आणेवारी करावी लागते, आणि नजर की कापणी, हा प्रश्न त्यालाही सुटलेला नाही. त्याच्या आज्ञावल्या लिहिणारे लोक सत्तर-पंचाहत्तर वर्षे या एका प्रश्नाशी झुंजत आहेत.

आधी हे पाहू की आणेवारी लागतेच कशाला. बुद्धिबळाच्या पहिल्या चालीत पांढऱ्याला वीस खेळ्या असतात, काळ्यालाही वीस. दोघांची एकेक चाल झाली की ४०० वाटा फुटतात. पांढऱ्याने आणखी एक चाल केली की ८,९०२. काळ्याने तिला उत्तर दिले की १,९७,२८१. अजून डाव सुरूही झालेला नाही! शेवटपर्यंत सगळ्या वाटा चालून पाहीन असे म्हणणारे यंत्र जन्मात एक खेळी करणार नाही. म्हणून कुठे तरी थांबायचे, समोर दिसणाऱ्या पटाकडे पाहायचे आणि म्हणायचे, “इथे पांढऱ्याचे बरे आहे, अमुक इतके.” तो अमुक इतका आकडा म्हणजेच पटाची आणेवारी.

मुलांच्या हातात मोबाईल आला आहे आणि मोबाईलवर बुद्धिबळ आले आहे. जुलै २०२५ मध्ये आपल्या नागपूरच्या दिव्या देशमुख हिने जॉर्जियातील बाटुमी येथे महिलांचा विश्वचषक जिंकला. असे डाव पडद्यावर दाखवतात तेव्हा पटाशेजारी एक पांढरी-काळी पट्टी वरखाली होत असते आणि तिच्यावर एक आकडा असतो: अधिक ०.३, उणे १.२, असा. मुले पट पाहत नाहीत, तो आकडा पाहतात. शिक्षकबंधुभगिनींनो, तुमच्यासाठी आजच्या बोलण्यातला महत्त्वाचा भाग हा आकडाच आहे. तो कसा तयार होतो हे कळले की त्याच्यावर किती विसंबायचे तेही कळेल.

हा आकडा काढण्याची पहिली व्यवस्थित रीत अमेरिकेतील क्लॉड शॅनन यांनी १९५० साली छापली. वजीर ९, हत्ती ५, उंट ३, घोडा ३, प्यादे १. एकामागे एक अडकलेली दुहेरी प्यादी, मागे राहिलेले प्यादे, एकटे पडलेले प्यादे, यांच्यासाठी प्रत्येकी अर्धा गुण वजा. मोहऱ्यांना जितक्या चाली मोकळ्या तितका प्रत्येकी एक दशांश गुण जमा. झाले. इंग्लंडात ॲलन ट्युरिंग यांनी तर आज्ञावली चालवायला यंत्र नसताना १९५२ मध्ये कागद-पेन्सिल घेऊन स्वतःच यंत्राचे काम केले. त्यांच्या कोष्टकात उंट साडेतीन आणि वजीर दहा. एकेका खेळीला त्यांना सुमारे अर्धा तास लागे, आणि तो डाव ते २९ खेळ्यांत हरले.

आता अडचण सांगतो. पटावर मोहऱ्यांशिवाय पुष्कळ काही असते. राजा किल्लेकोटात सुरक्षित आहे की त्याच्यापुढची प्यादी उडाली आहेत? हत्ती मोकळ्या पट्टीत आहे का? घोडा पटाच्या मध्यावर आहे की कडेला तोंड वळवून बसला आहे? जाणता खेळाडू हे सगळे एका नजरेत टिपतो. यंत्राला प्रत्येक गोष्ट मोजावी लागते, आणि मोजायला वेळ लागतो.

हिशेबच करू. समजा एका पटाला यंत्र दहा क्षण देते. इथे क्षण म्हणजे डोळ्याचे पातेही लवणार नाही इतका बारीक वेळ. त्यात तुम्ही राजाच्या सुरक्षिततेची मोजणी घातली आणि तिने आणखी दोन क्षण खाल्ले. दहाचे बारा झाले. म्हणजे जिथे सहा हजार पट पाहून व्हायचे तिथे आता पाच हजारच होतील. यंत्राची दृष्टी तेवढी आखूड झाली. किती आखूड? आजच्या चांगल्या आज्ञावलीत एक पायरी, म्हणजे एका बाजूची एक चाल, आणखी खोल पाहायला वेळ साधारण दुप्पट लागतो असे धरले, तर तुम्ही सुमारे पाव पायरी गमावली. आता प्रश्न उरतो तो असा: राजाविषयीचे हे ज्ञान पाव पायरीहून जास्त कामाचे आहे काय? असेल तर ठेवा. नसेल तर ते ज्ञान खरे असूनही फेकून द्यावे लागते. चांगल्या शिक्षकाला ऐकायला कसेसेच वाटेल, पण इथे ज्ञान नुसते खरे असून भागत नाही. त्याने आपला खर्च भरून काढला पाहिजे.

पायरीची किंमत किती असते तेही मोजलेले आहे. केन थॉम्पसन यांनी आपले बेल हे यंत्र स्वतःशीच खेळवले. एका बाजूला दुसरीपेक्षा एक पायरी अधिक खोल पाहू दिले. १९८२ साली त्यांनी निकाल सांगितला. तीन ते आठ पायऱ्यांच्या टप्प्यात एकेक पायरी सुमारे २०० मानांकन गुणांची ठरली, म्हणजे चार डाव झाले तर खोल पाहणाऱ्याच्या पदरात तीन डावांइतके गुण. खोली वाढत जाते तसे पायरीचे मोल उतरत जाते, पण त्या काळी या निकालाने पुष्कळांचे डोळे उघडले. बुद्धिबळाचे ज्ञान कोंबून भरलेली हुशार यंत्रे आणि नुसती मोहरी मोजून झपाझप पळणारी अडाणी यंत्रे समोरासमोर बसली, की अडाणी जिंकत.

मग ज्ञान टाकून नुसता वेग धरावा काय? नाही. याचे उत्तर मला बुद्धिबळापेक्षा आपल्या शेतातच जास्त स्पष्ट दिसते.

सातारा जिल्ह्यातील बुध या गावी १९११ साली जन्मलेले पांडुरंग वासुदेव सुखात्मे हे जगन्मान्य संख्याशास्त्रज्ञ झाले. १९४०च्या दशकात देशाच्या पिकाचा अंदाज कसा काढावा यावर त्यांचा आणि प्रशांतचंद्र महालनोबिस यांचा मोठा वाद झाला. महालनोबिस यांचे म्हणणे, लहान लहान तुकडे कापा. ते झटपट होतात, म्हणून पुष्कळ ठिकाणी कापता येतात. सुखात्मे यांचे म्हणणे, तुकडा मोठा घ्या, जरी थोडेच झाले तरी. १९४६ साली त्यांनी दाखवून दिले की लहान तुकड्यातून पीक आहे त्याहून जास्त दिसते. कारण साधे आहे. सीमेवरचे रोप आत धरायचे की बाहेर, असा प्रश्न पडला की कापणाऱ्याचा हात ते नकळत आत ओढतो. आणि तुकडा जितका लहान तितकी क्षेत्राच्या मानाने त्याची सीमा जास्त. बरे, असे शंभर तुकडे कापले म्हणून ही चूक धुऊन निघते काय? मुळीच नाही. शंभर तुकडे एकाच दिशेने चुकतात. एकदा इकडे, एकदा तिकडे अशी होणारी चूक संख्येने विरघळते. एकाच बाजूला कलणारी चूक कितीही मोजा, तशीच राहते.

आता पटावर या. पांढऱ्याकडे राजा, एक उंट आणि अगदी कडेच्या पट्टीतले एक प्यादे आहे. काळ्याकडे नुसता राजा. मोहऱ्यांची मोजणी सांगते, पांढरा चार गुणांनी वर. पण ते प्यादे ज्या कोपऱ्यात पोचून वजीर व्हायचे त्या घराचा रंग उंटाच्या घरांच्या रंगाहून वेगळा असेल, आणि काळा राजा त्या कोपऱ्यात ठाण मांडून बसला असेल, तर त्याला तिथून कोणी उठवू शकत नाही. डाव बरोबरीत. अडाणी यंत्र दहा पायऱ्या पाहो की वीस, दर पायरीच्या तळाशी त्याला तेच दिसते: अधिक चार. त्या आशेने ते चांगला चाललेला डाव मोडून या स्थितीत येते आणि हातचा विजय घालवते. इथे वेग उपयोगी नाही, ज्ञानच हवे. उलट, “पुढच्या चालीत घोडा मरतो आहे” हे ज्ञान आणेवारीत लिहिण्याची गरज नाही. एक पायरी पुढे गेले की ते आपोआप दिसते. खोल पाहून जे सापडते ते खोलीवर सोपवावे, आणि खोली कितीही वाढवली तरी जे सापडत नाही ते आणेवारीत घालावे. माझ्या मते या साऱ्या विद्येचे मर्म एवढेच आहे, बाकी कारागिरी.

पण ती कारागिरीही मोठी मौजेची आहे. नाक्यावरचा दुकानदार प्रत्येक गिऱ्हाईक गेल्यावर गल्ला उपडा करून पहिल्यापासून मोजतो काय? तो आधीच्या बाकीत आले ते मिळवतो, गेले ते वजा करतो. संगणकही तसेच करतो. एका चालीत पटावरची एक-दोन मोहरीच हलतात. तेव्हा चौसष्ट घरे पुन्हा मोजायची नाहीत, फरक तेवढा लावायचा. मात्र चाल परत घेताना तो फरक तंतोतंत उलटा करायला हवा. तिथे एका प्याद्याची नोंद राहिली तर पुढच्या लाखो पटांचा हिशेब बिघडतो, आणि चूक कुठून शिरली ते सापडता सापडत नाही. प्याद्यांची रचना तर आणखी सावकाश बदलते. म्हणून एका रचनेची आणेवारी एकदा करून वहीत टिपून ठेवायची. तीच रचना पुन्हा समोर आली की वही उघडायची. आणि ती उंट-प्याद्याची अडचण? ती दर पटाला तपासायची नाही. मोहरी मोजताना उंट आणि प्यादेच उरले आहे असे दिसले, तरच.

याहून धूर्त युक्ती म्हणजे आळसाची. पुरात आडवे होऊन कुजलेले शेत बांधावरूनच दिसते. त्यात दोरी टाकून तुकडा कापायला कोणी बसत नाही. तसेच एका बाजूचा अख्खा हत्ती गेलेला असेल तर प्याद्यांचे अर्धे-पाव गुण मोजून निकाल बदलायचा नाही. आधी मोहरी मोजा; फरक फार मोठा असेल तर तिथेच थांबा. वाईट खेळी वाईट आहे एवढे कळले की पुरे. ती नेमकी किती वाईट, हे मोजत बसण्यात वेळ घालवू नये. धोका एकच: कधी कधी खेळाडू जाणूनबुजून हत्ती देतो आणि चार चालींत मात करतो. आळशी यंत्र नेमके तिथेच फसते. म्हणून थांबण्याची रेघ कुठे मारायची यावर फार डोके खपवावे लागते.

१९९७ च्या मे महिन्यात गॅरी कास्पारॉव्ह यांना साडेतीन विरुद्ध अडीच गुणांनी हरवणाऱ्या डीप ब्लू यंत्रात हीच युक्ती थेट विजेच्या मंडलात कोरलेली होती. त्यात दोन आणेवाऱ्या होत्या, एक झटपट आणि एक सावकाश. झटपटीचा आकडा निर्णायक असेल तर दुसरीला हात लावायचाच नाही. सेकंदाला दहा ते वीस कोटी पट पाहणारे ते यंत्र, पण त्यालाही काटकसर सुटली नाही.

सावित्रीची एक गोष्ट इथे सांगायलाच हवी, कारण महाड-पोलादपूरच्या माणसांना ती माझ्याहून जास्त ठाऊक आहे. नदी महाबळेश्वरी उगम पावते, पोलादपुरावरून खाली येते, महाडला गांधारी तिला मिळते, आणि खालून बाणकोटच्या खाडीतून भरतीचे पाणी वर चढते. महाडात पाऊस थांबलेला असतो आणि घाटमाथ्यावर कोसळत असतो. अशा वेळी पुलाखालच्या पट्टीवरचा आकडा आत्ताची पातळी सांगतो. वाटेवर असलेले पाणी सांगत नाही. २२ जुलै २०२१ या दिवशी काय झाले ते तिथल्या कोणाला सांगायला नको.

पटावरही असेच असते. पांढऱ्या वजिराने एक प्यादे मारले. त्या क्षणी मोजणी केली तर पांढरा एका गुणाने वर. पण ते प्यादे दुसऱ्या प्याद्याच्या जोरात असेल तर पुढच्याच चालीत वजीर जातो आणि तो आठ गुणांनी खाली येतो. मारामारी चालू असताना आणेवारी करायची नाही; पट शांत होईपर्यंत मारण्याच्या चाली पुढे खेळून पाहायच्या आणि मग मोजायचे. याचाही खर्च फार. पुष्कळ आज्ञावल्यांत पाहिलेल्या पटांपैकी निम्म्याहून जास्त पट या शांत होण्याच्या शोधातलेच असतात. तरी हा खर्च सगळे मुकाट्याने करतात, कारण तो न करणारे यंत्र पोरांशीही हरते.

आता गेल्या काही वर्षांत काय घडले ते सांगतो. २०१८ च्या डिसेंबरात अल्फाझीरो या यंत्राचे निकाल प्रसिद्ध झाले. त्याला माणसाने हत्तीचे पाच गुणही शिकवले नव्हते. स्वतःशी डाव खेळून खेळून ते आपली आणेवारी आपणच शिकले. ती इतकी जड होती की सेकंदाला ते अवघे ६० हजार पट पाही. समोरची स्टॉकफिश ही आज्ञावली पाही सहा कोटी. एक हजार डावांत अल्फाझीरोने १५५ जिंकले, ६ हरले, उरलेले ८३९ बरोबरीत. हजारपट कमी पाहूनही वरचढ! मात्र त्यासाठी खास बनवलेली महागडी यंत्रसामग्री लागली होती, हे विसरू नये. आपल्या शाळेतल्या संगणकाच्या ते आवाक्याबाहेरचे.

ती आवाक्यात आणली जपानच्या यू नासु यांनी. २०१८ सालीच, जपानी बुद्धिबळासाठी, त्यांनी स्वतः शिकणारी पण हलकी आणेवारी रचली. युक्ती तीच, दुकानदाराच्या गल्ल्याची! मोहरे हलले की सगळे पुन्हा मोजायचे नाही, फरक लावायचा. सप्टेंबर २०२० मध्ये स्टॉकफिशने ती उचलली. वेग बराच उतरला, पण शक्ती इतकी वाढली की जुन्या आवृत्तीशी खेळताना डावांच्या जितक्या जोड्या ती हरली त्याच्या दसपट जिंकली. तेव्हासुद्धा पट फार एकतर्फी असला की जुनी, हाताने लिहिलेली झटपट आणेवारीच वापरीत. २०२४ साली ती हातची आणेवारी पुरती काढून टाकलेली आवृत्ती आली. पण एकतर्फी पटांसाठी तिच्यात एक वेगळी, लहान आणि झटपट शिकाऊ आणेवारी ठेवली आहे. जुना आळस नव्या अंगरख्यात, असेच म्हणायचे.

आणि यातला कोणताही बदल कुणाच्या शब्दावर घेतलेला नाही. २०१३ पासून जगभरचे हौशी लोक आपापल्या संगणकांचा मोकळा वेळ या कामाला देतात. एक ओळ बदलायची झाली तरी नवी आणि जुनी आज्ञावली हजारो डाव आपसांत खेळतात, आणि नवी खरोखर सरस ठरली तरच ती ओळ राहते. “मला वाटते” याला तिथे जागा नाही.

तर शिक्षकबंधुभगिनींनो, मोबाईलवरचा तो अधिक ०.३ पुन्हा पाहा. तो पटात लिहिलेला नसतो. अमुक आज्ञावलीने, अमुक वेळात, अमुक पायऱ्या पाहून केलेला तो अंदाज आहे. मोबाईल तसाच ठेवून मिनिटभर थांबलात तर तो ०.३ वरून ०.१ होईल, कधी एकदम उलटाही होईल. आणि विद्यार्थ्याच्या डोक्याला त्या दहा-वीस पायऱ्या दिसत नसतात; यंत्राला बरा वाटलेला पट त्याच्या हातात दोन चालींत मोडू शकतो. तेव्हा मुलाने “सर, अधिक एक आहे” म्हटले की विचारा, “कशामुळे?”

वर्गात एक प्रयोग करून पाहण्यासारखा आहे. त्याला मोबाईल लागत नाही. पट नसेल तर फळ्यावर चौसष्ट घरे आखा. डाव अर्ध्यावर आला आहे अशी एखादी स्थिती मांडा. एका मुलाला सांगा, फक्त मोहरी मोज आणि जितके पुढे पाहता येईल तितके पाहा. दुसऱ्याला सांगा, राजा, प्यादी, मोकळ्या पट्ट्या, सगळे मोज. पुढे एकच चाल पाहा. दोघांना घड्याळ लावून सारखी तीन मिनिटे द्या, आणि दोघांनी निवडलेली चाल व काढलेला आकडा पाटीवर लिहून घ्या. मग तोच डाव दोघांकडून पुढे खेळवून घ्या, आणि पुढच्या वेळी त्यांची कामे उलटी करा. मारामारी चालू असलेली स्थिती मांडलीत तर बहुधा पहिला मुलगा जिंकेल. प्यादी एकमेकांत अडकून पट गोठलेला असेल तर दुसरा. मुलांनी पाच-सहा स्थितींची अशी वही ठेवली की कुठे किती मोजायचे हे ती आपसांतच भांडून ठरवू लागतील. त्या भांडणात मधे पडू नका.